किसुमूच्या बाजारात दहा आठवडे : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोलीची. बी.कॉम. झाल्यावर पुढच्या शिक्षणाआधी एक वर्ष मध्ये घेतलं आणि त्यातले दहा आठवडे केनियातल्या किसुमू शहरात काढले. एका छोट्या संस्थेच्या वतीने तिथल्या बाजारातल्या व्यावसायिक बायकांबरोबर काम केलं. आल्यापासून कॉलेजातल्या ज्युनियर मुली, शेजारच्या काकू, आईच्या दुकानावर येणारी गिऱ्हाइकं, सगळे जवळपास तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत.

नेमकं काम काय होतं?

पाच व्यावसायिक माझ्याकडे होत्या. दोघी सुकी मासळी विकणाऱ्या, एक भाजीवाली, एक जुने कपडे विकणारी आणि एक छोट्या किराणा दुकानाची मालकीण. कागदावर काम असं होतं : त्यांचा रोजचा हिशोब, खरेदी, साठा, उधारी पाहायची आणि सुधारणा सुचवायच्या. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे मी फक्त स्टुलावर बसून मोजत होते. किती गिऱ्हाइकं आली, किती रिकाम्या हाती गेली, का गेली, माल कुठून आला, किती उरला. आज कुणी विचारलं तर मी ठामपणे सांगेन की तेच तीन आठवडे सगळ्यांत कामाचे होते.

केनियाच का? युरोप का नाही?

संस्थेने जागा दिली ती किसुमूत, हे खरं कारण. पण नाव ऐकल्यावर मला ते परकं वाटलं नाही. गोव्यात ‘आफ्रिकेहून आलेल्यांची’ घरं गावोगाव आहेत. पूर्व आफ्रिकेत गोंयकार कारकून, शिंपी, आचारी, व्यापारी म्हणून गेले आणि तिथल्या इतिहासात मिसळले. १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोंयकार व्यापारी होते, आई मसाई. पिओ गामा पिंटो नैरोबीत जन्मले, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढले, गोवा मुक्तीसाठीही झटले आणि १९६५ साली त्यांची हत्या झाली. शाळेत यातलं काहीच आम्हाला शिकवलं नव्हतं. मला हे किसुमूला जायची तयारी करताना कळलं, आणि हे इतकं उशिरा कळावं याचं वाईट वाटलं.

किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरचं शहर, विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेलं. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली तिथे पोहोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते.

भाषेचं काय केलंत?

इंग्रजी बऱ्याच जणींना येतं, आपसांत त्या लुओ भाषेत बोलतात, बाहेरच्याशी स्वाहिली. मला स्वाहिलीचे चार शब्द येत होते असं मी समजत होते. पण ऐकू लागल्यावर कळलं की बरेच आधीपासूनच येतात. दुकानाला ‘दुका’, हिशोबाला ‘हेसाबू’, वहीला ‘दफ्तारी’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’. अरबी-फारसीच्या वाटेने काही आपल्याकडे आले आणि काही तिकडे. काही आपल्याच लोकांबरोबर जहाजातून गेले. उधारीला ‘देनी’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आलेला, आपल्या ‘देणं’शी नातं नाही, पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलेच.

थोरल्या बाईला आदराने ‘मामा’ म्हणतात. माझ्या तोंडून ते निघेना, कारण आपला मामा वेगळा! दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. पुढे मीही त्यांना मामाच म्हणणार आहे, वाचताना गोंधळ नको.

पहिल्या दिवशी काय झालं?

मी सहा तास उशिरा पोहोचले. मासळीवाल्या मामाने निरोप दिला होता ‘सा ततू’ला ये, म्हणजे तीनला. मी दुपारी तीनला गेले. ती सकाळी नऊपासून वाट पाहत होती. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात : सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. आपल्याकडे घटका सूर्योदयापासूनच मोजत, हे मला आजीकडून माहीत होतं. तरी डोक्यात आलं नाही. त्या दिवशी तिचं बोलणं तुटक होतं आणि ते बरोबरच होतं. बाजारातल्या बाईची सकाळ फुकट घालवणं ही लहान चूक नव्हे. दुसऱ्या दिवशी मी साडेआठलाच जाऊन तिची पोती उतरवायला हात लावला.

ओमेना म्हणजे काय आणि त्यात सुधारायचं काय होतं?

ओमेना ही सरोवरातली बोटभर लांबीची चंदेरी मासळी. रात्री दिवे लावून पकडतात, काठावर उन्हात वाळवतात आणि पोत्यांनी विकतात. दरवर्षी काही महिने तिच्या मासेमारीला बंदी असते, जशी आपल्याकडे जून-जुलैत ट्रॉलरना. मी ऑगस्टमध्ये पोहोचले तेव्हा बंदी नुकतीच उठली होती आणि बाजार पुन्हा भरू लागला होता. किसुमूचा किबुये बाजार रविवारी ओसंडून वाहतो, आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखा. वासही तोच. माझी मावशी म्हापशाला सुकी मासळी घेऊन बसते, त्यामुळे त्या वासात मला पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं.

ओमेना तिथे ‘गोरोगोरो’ने विकतात, म्हणजे दोन किलोच्या जुन्या पत्र्याच्या डब्याने. आपल्याकडे मासळीचा वाटा तसा तिथे हा डबा. आता मामाचं गणित पाहा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा पोतं ४,००० शिलिंगांना आलं, त्यातून २० डबे निघतात आणि डबा २५०ला जातो. म्हणजे ५,००० आले, १,००० सुटले. मामाच्या डोक्यात हाच हिशोब होता. आम्ही बसून तीन पोती डब्याडब्याने मोजली. ओमेना वाळूवर वाळवलेली असली की वाळू चाळावी लागते, त्यात साधारण एक डबा गेला. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला ती वर एक मूठ घालते. त्याला ‘न्योंगेझा’ म्हणतात, आपली ‘वरची मूठ’. वीस डब्यांच्या मुठी एकत्र केल्या तर दोन डबे भरले. राहिले १७. त्यांचे ४,२५०. हातगाडीचे आणि बाजाराच्या रोजच्या पावतीचे मिळून २०० वजा केले तर हातात ५० शिलिंग! मामा बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणून शाळेची फी भरायच्या दिवशी पैसे नसतात.”

माझ्या मनात लगेच आलं की मूठ बंद करा. तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं, हे बरं झालं. कारण पुढचे चार दिवस मी पाहिलं : शेजारी सहा जणी त्याच भावाने तीच मासळी विकतात. गिऱ्हाईक तिच्याकडे वळतं ते त्या मुठीसाठी. तेव्हा मूठ ठेवायची, पण ती खर्चात धरायची असं ठरलं. पोतं वीस डब्यांचं नव्हे, अठरांचं समजायचं. आणि वाळूवर उपाय करायचा. काही जणी काठावर जाळी किंवा मांडव घालून मासळी वाळवतात. त्यांचं पोतं थोडं महाग असतं, पण चाळावं लागत नाही. समजा १०० शिलिंग जास्त मोजले आणि एक डबा वाचला, तर २५०ची मासळी हाती राहिली. हातगाडी शेजारणीबरोबर वाटून घ्यायची, हे मामाने स्वतःच सुचवलं.

आणखी एक. चाळणीखाली पडणारा चुरा ती फेकते असं मी पहिल्या आठवड्यात वहीत लिहिलं होतं, ‘वाया’ म्हणून. तिसऱ्या आठवड्यात दिसलं की शनिवारी एक माणूस येऊन तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकत घेतो. मी ती ओळ खोडली.

उधारी बंद करायला सांगितलीत की नाही?

नाही. हा प्रश्न आईच्या दुकानावर सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची उधारी आईच्याच वहीत असते.

किराणावाल्या मामाची उधारी भिंतीवर खडूने लिहिलेली होती. पाऊस भिंतीवर आला की उधारी माफ. मी ती वहीत उतरवली, एका पानावर एक घर. मग कुणाकडून किती दिवसांत पैसे येतात ते पाहिलं. जे दिसलं त्याने माझी कॉलेजातली समजूत मोडली. तिची सर्वांत जुनी उधारी ज्या तीन घरांकडे होती, त्याच घरांनी तिचा नवरा आजारी असताना दुकान सांभाळलं होतं. ती उधारी तिच्या दृष्टीने गळती नव्हती. ती ठेव होती, अडीनडीला काढायची. ताळेबंदात याला जागा नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही.

पण सगळीच उधारी तशी नव्हती. काही केवळ तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून दिलेली होती. वहीत पानं वेगळी झाल्यावर तिला ती वेगळी दिसू लागली. तिने स्वतः मर्यादा ठरवली : मागचं अर्धं फेडल्याशिवाय नवीन नाही, आणि तीन घरांना हा नियम लागू नाही. मी फक्त रेघा मारल्या.

तिथे डिजिटल व्यवहार असतात का?

आपल्या आधीपासून. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय २००७ साली सुरू झाली, आपलं यूपीआय २०१६ साली. साधा बटणांचा फोन असला तरी पैसे पाठवता येतात. अडचण निराळीच होती : गिऱ्हाइकाचे पैसे मामाच्या स्वतःच्या नंबरवर येत आणि त्यातूनच घरची वीज, भावाला मदत, चर्चची वर्गणी जाई. दुकान कमावतं की घर खातं, कळेना. धंद्यासाठी वेगळी ‘पोची ला बियाशारा’ नावाची सोय आहे, म्हणजे धंद्याचा बटवा. ती दोघींनी घेतली. भाजीवाल्या मामाने नको म्हटलं आणि दोन रंगांच्या कापडी पिशव्या कमरेला बांधल्या, एक घरची, एक धंद्याची. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या छोट्या व्यावसायिकांवरचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हेच सांगतो : शास्त्रशुद्ध हिशोबाच्या वर्गापेक्षा घर आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवण्यासारखे दोन-चार साधे ठोकताळे जास्त टिकतात. पिशव्या शेवटपर्यंत टिकल्या, हे मी स्वतः पाहिलं.

सगळ्यांत सोपी सुधारणा कोणती?

सुटे पैसे! सकाळी सुटे नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत जातं किंवा मामा दुकान सोडून सुटे शोधत फिरते. एका सकाळी मी हे पाच वेळा मोजलं. केनियातल्या छोट्या दुकानांवर या विषयाचा अभ्यासही झालेला आहे. आदल्या रात्री ठरावीक सुटी नाणी डब्यात बाजूला ठेवायची, एवढंच केलं.

तुमची मोठी चूक कोणती?

ही लिहायला जड जाते, पण लिहिली पाहिजे.

दुसऱ्या मासळीवाल्या मामाला मी पाचव्या आठवड्यात सांगितलं की मधल्या व्यापाऱ्याकडून घेऊ नका, पहाटे थेट काठावर जाऊन होडीवाल्यांकडून घ्या, पोत्यामागे पैसे वाचतील. कागदावर गणित चोख होतं. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक ताईने मला बाजूला घेऊन समजावलं. सरोवराच्या काठावर ‘जाबोया’ नावाची चाल आहे. मासळी कमी आणि विकणाऱ्या बायका जास्त, म्हणून काही होडीवाले मासळी देण्याच्या बदल्यात बाईकडून शरीरसंबंधाची अपेक्षा ठेवतात. त्या भागात एचआयव्हीचं प्रमाण मोठं असण्यामागेही या चालीचा हात मानला जातो. मधल्या व्यापाऱ्याला ती जे जादा पैसे देत होती, ती तिच्या सुरक्षिततेची किंमत होती. मला ती वहीत ‘टाळता येण्यासारखा खर्च’ म्हणून दिसली होती.

मी तिची माफी मागितली. तिने हात हातात घेतला आणि विषय बदलला. पुढे आम्ही इतकंच केलं की तिच्या भिशीतल्या (तिथे भिशीला ‘चामा’ म्हणतात) चौघींनी मिळून एकाच व्यापाऱ्याकडून एकत्र माल घ्यायचा आणि भाव ठरवून घ्यायचा. काही गावांत बायकांनी गट करून स्वतःच्या होड्याही घेतल्या आहेत. खरा उपाय तो, पण तो दहा आठवड्यांचा नव्हे आणि माझ्या हातचाही नव्हे.

तेव्हापासून मला कुठलाही खर्च फालतू दिसला की मी आधी विचारते, “हा का करता?” आणि उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवते.

मग फायदा किती वाढला? आकडा सांगा.

आकडा सांगणार नाही. पाच दुकानं आणि दहा आठवडे, त्यातच बंदी उठून हंगाम सुरू झालेला. वाढ माझ्या वहीमुळे की मासळीमुळे, हे कोण ठरवणार? मी गेल्याने फायदा झाला असं म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नैरोबीच्या दांदोरा वस्तीतल्या व्यावसायिक बायकांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्गात बसवून धंद्याचं शिक्षण दिलेल्यांच्या नफ्यात फारसा फरक पडला नाही. त्याच वस्तीतल्या अनुभवी व्यावसायिक बाईशी ज्यांची जोडी लावली, त्यांचा नफा वाढला. आणि जोड्या सुटत गेल्या तसा तो परिणामही ओसरला. हे मी परत यायच्या पंधरा दिवस आधी वाचलं. लगेच किराणावाल्या मामाची गाठ बाजारातल्या एका जुन्या दुकानदारणीशी घालून दिली. हे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं.

एकटी मुलगी. भीती नाही वाटली?

हा प्रश्न आईचा होता आणि अजून आहे. मी एका कुटुंबात राहत होते, अंधाराआधी घरी, पैसे आणि फोन बाजारात बाहेर काढायचे नाहीत. डिचोलीहून पणजीला जाताना जी काळजी घेते त्याच्या दुप्पट घेतली.

जेवायला काय?

उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी. चपाती (शब्द तोच). आणि तळलेली तिलापिया. आमच्या हुमणाची, म्हणजे माशांच्या आमटीची, आठवण येई. सोलं नेली होती, ती मामांना फार आवडली. शाकाहारी असाल तरी निभेल.

जाण्याआधीची तयारी?

पीतज्वराची लस कमीत कमी दहा दिवस आधी घ्या. परतताना भारतात त्याचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी करा, लशीचा दिवस आधी विचारून जा. सरोवराचा भाग मलेरियाचा आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, लागते. आणि सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, तिथे ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर कडक बंदी आहे.

संस्था कशी निवडावी?

तीन गोष्टी विचारा. तुमच्याआधी त्याच व्यावसायिकांकडे कोण गेलं होतं आणि त्याच्या नोंदी मिळतील का? तुम्ही निघाल्यावर तिथे कोण थांबणार? व्यावसायिकांना विचारून तुम्हाला पाठवतात की पाठवून मग सांगतात? माझ्या संस्थेने पहिल्याचं उत्तर गुळमुळीत दिलं होतं. पोहोचल्यावर कळलं की भाजीवाल्या मामाला माझ्याआधी दोन विद्यार्थ्यांनी तेच प्रश्न विचारून झाले होते. तिच्या वेळेची ही नासाडी मला अजून सलते.

परत आल्यावर आईच्या दुकानात काही बदललं?

पहिले पंधरा दिवस मी काही बोलले नाही, स्टुलावर बसून मोजलं. चवथीच्या आधी नारळ आणि गूळ संपतो, हे आईला तोंडपाठ आहे. पण तेलाच्या डब्यातून मागणाऱ्याला सुटं ओतून देताना किती जातं, ते तिने कधी मोजलं नव्हतं. आता ती मापटं वापरते. उधारीच्या वहीत हात घालायचा नाही असं तिने बजावलं आहे. मी घातलेला नाही.

अजून संपर्क आहे का?

आहे. पहिली मासळीवाली मामा महिन्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो पाठवते. त्यांची सकाळ आपल्यापेक्षा अडीच तास उशिरा, त्यामुळे फोटो येतो तेव्हा मी जेवायला बसलेली असते. गेल्या वेळच्या पानावर मी आखून दिलेले खरेदी, विक्री, खर्च हे रकाने होतेच, शेजारी तिने स्वतः एक चौथा आखला होता. त्यात काही दिवसांसमोर छोटे थेंब काढले होते. विचारलं तर म्हणाली, पाऊस. त्या दिवशी काठावर मासळी वाळत नाही, दोन दिवसांनी येणारं पोतं ओलसर असतं आणि वजनात फसवतं. म्हणून थेंब दिसला की दोन दिवस खरेदी बंद.

मी तो फोटो म्हापशाला मावशीला दाखवला. तिने चष्मा लावून पान नीट पाहिलं, मग विचारलं, “मीठ लावत नाहीत का ती माणसं?” नाही, नुसतीच उन्हात वाळवतात, मी म्हटलं. “मग पावसात कशी राहते? विचार तिला.”

प्रश्न पाठवला आहे. उत्तर अजून यायचं आहे.